ट्रंकेतले कागद: शंभर वर्षांपूर्वीचा संसार कसा वाचायचा

वाडा पाडायला निघाला की माळ्यावरची ट्रंक खाली येते. आत काय निघतं ते बहुतेक घरांत सारखंच असतं. तांबड्या फडक्यात बांधलेली दप्तरं, कीर्दीच्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या, लांबट वह्या, तारेला लावलेली पोस्टकार्डं, पिवळी पडलेली कात्रणं, लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, वैद्याच्या पुड्यांवरचे कागद. खरेदीखतं आणि जमिनीचे उतारे सगळे जपून बाजूला काढतात आणि उरलेलं रद्दीत घालतात. रोजचं जगणं मात्र त्या उरलेल्यातच असतं. १९१५ ते १९३५ या काळातले मराठी घरातले असे कागद हाती आले तर ते कसे उलगडायचे, त्यांची तारीख कशी ठरवायची आणि त्यांतून किती अर्थ काढायचा, ते इथे दिलं आहे.

हात लावण्याआधी

पहिली चूक वर्गवारीची होते. ट्रंक उघडली की पत्रं एकीकडे, बिलं दुसरीकडे अशी वाटणी सुरू होते आणि कागदांचा मूळ क्रम कायमचा मोडतो. तो क्रम हीच माहिती असते. तारेला लावलेल्या पत्रांत सगळ्यात खालचं पत्र सगळ्यात जुनं, कारण नवं पत्र वरून खोचलं जायचं. मधल्या कार्डावरचा शिक्का पुसला असेल तर खालच्या-वरच्या कार्डांवरून त्याचा महिना सांगता येतो. म्हणून आधी गाठोडं जसं आहे तसा त्याचा फोटो काढा. मग एकेक कागद काढत मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने (२बी चालेल) क्रमांक घाला: गाठोडं १, कागद १, २, ३. पेन, स्टेपल, टाचणी, पोस्ट-इट यांपैकी काहीही वापरू नका. जुन्या टाचण्या गंजून कागदाला चिकटलेल्या असतात. त्या ओढू नका, टाचणीखाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवून अलगद सोडवा.

सुती हातमोजे घालून ठिसूळ कागद हाताळू नये. बोटांना कडा कळत नाहीत आणि तुकडा पडतो. धुऊन पूर्ण कोरडे केलेले हात बरे. तोंडाला मास्क मात्र हवाच, कारण बुरशी आणि धूळ दोन्ही छातीत जातात. धूळ मऊ ब्रशने मधून कडेकडे झाडा, फुंकर मारू नका. बुरशी ओली, लवदार दिसली तर तो गठ्ठा वेगळा ठेवून सावलीत, वाऱ्यावर आधी सुकवा. उन्हात ठेवलात तर बुरशी सुकेल, पण शाई उडेल आणि कागद कुरकुरीत होईल.

कसर किंवा किड्यांची जिवंत लागण दिसत असेल तर गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढून पिशवी घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद राहू द्या. लगेच उघडलीत तर थंड कागदावर दव धरतं आणि एका दुखण्यावर दुसरं. डांबराच्या गोळ्यांनी अंडी मरतीलच असं नाही, वास मात्र कागदात वर्षानुवर्षं राहतो.

कागद कोणता हेही आधी बघा, कारण प्रत्येकाची खोड वेगळी. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद चिंध्यांपासून केलेला असतो. दीडशे वर्षांनंतरही तो लवचीक राहतो. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं आम्ल त्यालाच खातं, म्हणून १९२५चं कात्रण १८२५च्या मोडी पत्रापेक्षा जास्त जर्जर दिसतं. काजळाची शाई काळीभोर टिकते, पण पाण्याच्या थेंबाने विरघळते. हिराकशीची शाई तपकिरी होते आणि जाड अक्षरांच्या जागी कागदाला भोकं पाडते. तिसरी फसवी. करड्या पेन्सिलीसारखं दिसणारं लिखाण ओल लागताच जांभळं होऊन पसरतं. ती कॉपिंग पेन्सिल. पावत्या, रेल्वेचे कागद, हिशेबाची कार्बन प्रत, सगळीकडे ती सापडते. असा कागद ओलीच्या जवळपासही नेऊ नका.

घडी पडून कडक झालेलं कात्रण जोर लावून उघडलं तर घडीवरच तुटतं. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या. तळाशी ओला करून पिळलेला टीपकागद, त्यावर जाळी, जाळीवर कात्रण. झाकण लावून दोन ते सहा तास ठेवा, दर तासाने बघा. कागद मऊ झाला की बोटाने हळूच उघडून दोन कोऱ्या टीपकागदांमध्ये घाला, वर काच आणि काचेवर दोन-तीन किलो वजन, एक दिवस. डब्यात रात्रभर विसरलात तर पावसाळ्यात बुरशी हमखास. इस्त्री आणि वाफ दोन्ही वर्ज्य.

फाटलेल्याला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत टेप गळून पडते आणि डिंकाचा तपकिरी पट्टा कागदात मुरतो. लॅमिनेशन तर परतीचा रस्ताच बंद करतं. बाइंडरची खळही जपून, कारण तिच्यात कीड लागू नये म्हणून मोरचूद घालायची पद्धत आहे आणि त्यातलं तांबं कागद लवकर कुजवतं. तुकडे वेगळे झाले असतील तर पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात शेजारी शेजारी ठेवले तरी पुरतं. पीव्हीसीची फाइल मात्र नको, ती शाई ओढून घेते.

फोटो

हे थोडक्यात. मोबाइल कागदाला समांतर धरा, फ्लॅश बंद, दोन बाजूंनी सारखा उजेड, शेजारी मोजपट्टी. स्कॅनर असेल तर पत्रांना ३०० डीपीआय, बारीक टाइपाच्या कात्रणांना ६००. पुसट पेन्सिलीसाठी खोलीत अंधार करून एकाच बाजूने कागदालगत आडवा टॉर्च धरा, दाबाच्या रेघा उठून दिसतात. मागची बाजू घेतलीच पाहिजे, कोरी वाटली तरी.

तारीख: इथेच बहुतेकांचं गणित चुकतं

कागदावर शके असेल तर ७८ मिळवायचे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. वर्ष चैत्रात बदलतं हे विसरलं जातं. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८, आणि जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९. ‘माघ शु. ७ शके १८४६’ ही १९२४ नव्हे, जानेवारी १९२५ची अखेर. पौषात तर महिन्याच्या मधेच इंग्रजी वर्ष बदलू शकतं, तिथे त्या वर्षाचं पंचांगच काढावं.

शक पुसला आणि संवत्सराचं नाव शिल्लक असेल तरी काम होतं. शकात १२ मिळवून ६०ने भागा, बाकी म्हणजे साठांतल्या पहिल्या, प्रभव संवत्सरापासूनचा क्रमांक. शके १८४६ + १२ = १८५८, बाकी ५८, म्हणजे रक्ताक्षी. उलट बाजूने, ‘रक्ताक्षीनाम संवत्सरे’ एवढंच असेल तर शके १७८६, १८४६ किंवा १९०६. या तिघांतून निवड करायला कागद आणि शाई बघून बहुतेक वेळ लागत नाही.

व्यापाऱ्यांच्या वहीत विक्रम संवत असू शकतो, त्यातून १३५ वजा केले की साधारण शक मिळतो. पण त्यांचं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला बदलतं आणि मारवाडी पेढीच्या वहीत महिना पौर्णिमेला संपतो, म्हणजे वद्य पक्षात महिन्याचं नाव आपल्यापेक्षा एकाने पुढे असतं. महसुली कागदांवर फसली सन येतो. मुंबई इलाख्यात मृगाच्या सुमारास, जूनमध्ये, वर्ष बदलायचं. ५९० मिळवा, जानेवारीनंतरच्या तारखेला ५९१. मराठवाड्यातले कागद निजामाच्या राज्यातले. तिथेही फसली, बेरीज तीच, पण वर्ष ऑक्टोबरात सुरू आणि महिन्यांची नावं आजूर, दै, बहमन अशी फारसी.

तारीख काहीच नसेल तर पुढच्या खुणा बघा.

पोस्टकार्डावर छापील किंमत असते. पाव आण्याचं कार्ड एप्रिल १९२२पर्यंत चाललं, त्यानंतर अर्धा आणा, डिसेंबर १९३१पासून पाऊण आणा. पाकिटाचा दर त्याच वेळी अर्ध्या आण्यावरून एक आणा आणि पुढे सव्वा आणा झाला. पाव आण्याच्या कार्डावर वेगळं तिकीट डकवलेलं असेल तर दरवाढीनंतर घरातलं जुनं कार्ड संपवलं असं समजायला हरकत नाही. तिकिटावरचा राजा बघा: सातवा एडवर्ड असेल तर १९०२नंतर, पाचवा जॉर्ज १९११नंतर, सहावा जॉर्ज १९३७नंतर. जुनं तिकीट उशिरा वापरलं जातं, नवं तिकीट आधी वापरता येत नाही. राजा ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच सांगतो.

कात्रणावर ‘मंगळवार ता. १४ जुलै’ एवढंच राहिलं असेल तर वार आणि तारीख जुळणारी वर्षं काढा. या उदाहरणात १९०८, १९१४, १९२५, १९३१ आणि १९३६. मग मजकुरातल्या आणि मागच्या बाजूच्या खुणांनी गाळणी लावा. गंधर्व नाटक मंडळीची जाहिरात असेल तर १९१३च्या आधीचं नाही. हिंदी ‘बोलपट’ असेल तर १९३१ किंवा पुढचं, कारण ‘आलम आरा’ मार्च १९३१मध्ये आला. मुंबईच्या रेडिओचा कार्यक्रम असेल तर बहुधा जुलै १९२७नंतरचं. एकट्या जाहिरातीवर फार भिस्त ठेवू नका. औषधाच्या जाहिरातीचा ठोकळा तोच तोच महिनोन्महिने छापला जाई.

वेळही जपून वाचा. हिंदुस्थानचा स्टँडर्ड टाइम १९०६पासून सुरू झाला, पण मुंबई शहराने आपला ‘मुंबई टाइम’ १९५५पर्यंत चालवला. तो स्टँडर्डपेक्षा ३९ मिनिटं मागे. सभा ‘सायंकाळी ५ (मुं. टा.)’ आणि गाडी ‘५-३० (स्टँ. टा.)’ असेल तर सभेला हजर राहणाऱ्याची गाडी आधीच सुटलेली असणार. लग्नपत्रिकेतली घटी-पळं सूर्योदयापासून मोजतात. एक घटी २४ मिनिटांची, तिच्यात ६० पळं. ‘घ. १२ प. ३०’ म्हणजे उजाडल्यानंतर पाच तासांनी.

आणे, शेर, पायली

रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे किंवा १२ पै. रुपयाचे पैसे ६४ आणि पै १९२. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली, त्याच्या आधीच्या ‘तीन पैशां’ना आजच्या पैशांच्या हिशेबात बसवू नका. ते पाऊण आणा होतात.

वहीत आणे आकड्यांनी नव्हे, रेघांनी लिहिलेले असतात. एक उभी रेघ म्हणजे पावली, चार आणे. दोन उभ्या आठ, तीन उभ्या बारा. आडवी रेघ एक आण्याची, त्या एकाखाली एक दोन किंवा तीन. म्हणजे ।= हे सहा आणे आणि ॥- हे नऊ. छापील पुस्तकांवर आणखी एक गंमत दिसते: ‘किंमत ८१२ आणे’. ते आठशे बारा नव्हेत. सुरुवातीचं ८सारखं चिन्ह रुपयाची जागा रिकामी असल्याचं दाखवतं, किंमत बारा आणे. ‘१८४’ असेल तर एक रुपया चार आणे. जुन्या पुस्तकांच्या किमती संगणकात भरताना हा घोटाळा सर्रास होतो.

मराठवाड्यातल्या वहीत ‘हाली’ आणि ‘कलदार’ असा भेद असेल. हाली हा निजामाचा सिक्का, कलदार इंग्रजांचा. सात हाली म्हणजे सहा कलदार. हा भेद न बघता पुण्याच्या आणि औरंगाबादच्या किमती शेजारी ठेवल्या तर निष्कर्ष फुकट.

वजनं-मापं रुपयापेक्षा अवघड. पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, आणि असे ४० शेर म्हणजे मण, ३७ किलोंहून थोडा जास्त. पण मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, साधारण १२.७ किलो. नाव एकच, वजन तिपटीने वेगळं. धान्य तर तोलत नसत, मापत. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. हा शेर आकारमानाचा. पायलीभर बाजरी आणि पायलीभर पोहे यांचं वजन एक नाही. किती पायल्यांचा मण हे तालुक्या-तालुक्यात बदलायचं, म्हणून त्या जिल्ह्याच्या गॅझेटिअरमधलं कोष्टक काढा आणि वहीच्या पहिल्या पानाला चिठ्ठी जोडून त्यावर लिहून ठेवा. अर्धवट आकड्यांची नावंही माहीत हवीत: औट म्हणजे साडेतीन.

एक पान वाचून पाहू

नमुन्यादाखल कीर्दीचं एक पान घेऊ. वर मिती ‘माघ शु. ७ शके १८४६’. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च.

श्रीशिल्लक ४॥।=
कार्डे ४: =
खोबरेल पावशेर: ।
बांगड्या ह. सौ.: ।=
दक्षिणा: -
हातउसने: १
बाकी ३-

आधी बेरीज करा, मग अर्थ. आरंभीची शिल्लक चार रुपये चौदा आणे. खर्च दोन, चार, सहा आणि एक मिळून तेरा आणे, अधिक एक रुपया. चार रुपये चौदा आण्यांतून एक रुपया तेरा आणे गेले की तीन रुपये एक आणा उरतो, आणि वहीतही तोच आहे. म्हणजे वाचन बरोबर. एखादी आडवी रेघ पुसट झाली असती तर बेरीज एका आण्याने हुकली असती आणि कुठल्या ओळीत गडबड आहे हे शोधता आलं असतं. जुनी वही स्वतःच स्वतःची तपासणी करते, ही सोय पत्रात नाही.

आता अर्थ. चार कार्डांना दोन आणे म्हणजे कार्ड अर्ध्या आण्याचं. १९२५च्या दराशी जुळलं, म्हणजे मितीचं गणितही पक्कं. ‘ह.’ म्हणजे हस्ते. पैसे घरातल्या बाईच्या हातून गेले, म्हणजे कासारीण दारात आली असावी. सप्तमी रथसप्तमीची, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. बांगड्या आणि दक्षिणा त्यामुळे समजतात. तो महिनाभराचा सरासरी खर्च मानायचा नाही. ‘हातउसने’ नावे पडलंय खरं, पण ते परत आलं का, हे कळायला पुढच्या पानांवर त्याच नावाची जमा शोधावी लागते. खतावणी, म्हणजे नाववार हिशेबाची वही, उपलब्ध असेल तर तिथे एका नजरेत दिसतं.

एका पानावर थांबू नका, निदान एक पूर्ण वर्ष, दिवाळी पाडवा ते दिवाळी पाडवा, उतरवून काढा. रकाने एवढेच पुरतात: मिती, इंग्रजी तारीख, बाब, माप, रक्कम पैंत, हस्ते. रक्कम पैंत बदलली की बेरजा संगणक करतो. मूळ लिखाण जसंच्या तसं वेगळ्या रकान्यात हवं. अर्थ लावून लिहिलेलं आणि मूळ एकाच रकान्यात मिसळलं की पुढच्या माणसाला चूक सापडत नाही.

वर्षभराची वही हाताशी असली की बाहेरच्या घटना घरात शिरताना दिसतात. मिठाचं घ्या. १९२३मध्ये सरकारने मिठावरचा कर मणाला सव्वा रुपयावरून अडीच रुपये केला आणि १९२४मध्ये पुन्हा सव्वावर आणला. अडीच रुपये म्हणजे चाळीस आणे, मणाचे शेर चाळीस, म्हणजे शेराला बरोबर एक आणा कर. घरात किती मीठ लागायचं ते वहीत असतंच. त्या कराचा त्या घराला वर्षाला किती फटका बसला हे दोन ओळींच्या गुणाकारात निघतं.

वही मोडीत असेल तर घाबरायचं कारण नाही. मोडी शिकायला पत्रांपेक्षा हिशेब सोपा, कारण आकडे देवनागरीच्या जवळचे आणि तूप, तेल, मीठ, गूळ हेच शब्द रोज परत येतात. मोडीत आधी आडवी रेघ ओढून मग अक्षरं तिला लटकवत, शब्दांत जागा सोडत नसत आणि ऱ्हस्व-दीर्घ पाळत नसत. एका हाताची दहा-बारा पानं झाली की त्या कारकुनाच्या लकबी बसतात. दुसऱ्या हाताची वही आली की पुन्हा थोडी सुरुवात. ‘मौ॥’ मौजे, ‘क॥’ कसबे, ‘त॥’ तर्फ, ‘गु॥’ गुजारत (म्हणजे मार्फत), अशा संक्षेपांची यादी शेजारी ठेवा. पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग अधूनमधून भरतात.

पत्रांतली माणसं

पत्राच्या मायन्यात नातं असतं. ‘ती.’ वडीलधाऱ्यांना, ‘चि.’ धाकट्यांना, ‘रा. रा.’ बाहेरच्यांना. बाईच्या नावाआधी काय आहे ते प्रत्येक पत्रात टिपून ठेवा. एका कार्डात ‘सौ.’ आणि पुढच्या कार्डात ‘गं. भा.’ असेल तर नवरा या दोन तारखांच्या मधे गेला. मृत्यूचं पत्र शोधत बसू नका. अशुभ वार्तेचं पत्र वाचून फाडून टाकायची रीत होती, म्हणून ते सहसा गठ्ठ्यात नसतंच. १९१८च्या आश्विन-कार्तिकात इन्फ्लुएंझाने घरंच्या घरं रिकामी झाली. त्या महिन्यांतली पत्रं एकदम थांबलेली दिसली तर कारण तेही असू शकतं.

बायकांची नावं लग्नात बदलत आणि नवऱ्याचा उल्लेख ‘इकडे’, ‘तिकडे’ असा होई. ‘इकडून येणं झालं नाही’ याचा ठिकाणाशी काही संबंध नाही, नवरा आला नाही. माहेरच्या आणि सासरच्या नावाने आलेली पत्रं दोन बायकांची समजून वंशावळीत दोन माणसं घुसवली जातात. हस्ताक्षरावरूनही ओळख पटवू नका, कारण लिहिता न येणाऱ्यांची पत्रं दुसराच कोणी लिहून देई. कोपऱ्यातले लाल-पिवळे डाग कुंकू-हळदीचे, ते पुसू नका. कार्य मंगल होतं याचा तो पुरावा.

घराबाहेरचे कागद

एका ट्रंकेवर काळ उभा राहत नाही. जन्म-मृत्यूसाठी तहसीलमधलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४. शाळेतलं जनरल रजिस्टर, ज्यात प्रवेशाची तारीख, आधीची शाळा आणि सोडल्याचं कारण असतं. ‘सोडल्याचं कारण’ हा रकाना दुर्लक्षित, पण फार बोलका. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या वह्यांत घराण्यातलं कोण कधी आलं ते सापडतं. जाताना गाव, आडनाव, जमल्यास कुलदैवत सांगायची तयारी ठेवा, नुसत्या आडनावावर वही निघत नाही.

वर्तमानपत्रांसाठी मुंबई आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर, एशियाटिक सोसायटी, गोव्यासाठी पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय. एशियाटिकचे कितीतरी जुने अंक ‘ग्रंथसंजीवनी’ या संकेतस्थळावर आहेत. एकच घटना निदान तीन पत्रांत वाचा. ‘केसरी’, ‘ज्ञानप्रकाश’ आणि ‘दीनमित्र’ यांचे वाचक वेगळे, रागलोभ वेगळे. नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून निघणाऱ्या ‘दीनमित्रा’त पिकाची, सावकाराची, भटजीच्या दक्षिणेची जी बोलणी आहेत ती पुण्याच्या पत्रात तशी मिळायची नाहीत. डॉ. आंबेडकरांचा १९२०चा ‘मूकनायक’ बघितल्याशिवाय पाणवठ्याबद्दल एकही विधान करू नये. एखाद्या पत्राचे अंकच नष्ट झाले असतील तर सरकारने ‘नेटिव्ह’ वर्तमानपत्रांवर दर आठवड्याला तयार केलेले इंग्रजी गोषवारे बघा. त्यांत सरकारला खुपलेलं तेवढंच आहे, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

किमतींसाठी १९२१पासूनचं ‘लेबर गॅझेट’. मुंबईतल्या किरकोळ भावांचे आकडे त्यात महिन्याला येतात. वर्तमानपत्रातला ‘बाजारभाव’ घाऊक असतो, तो घरच्या वहीतल्या किरकोळ भावाशी जुळला नाही म्हणून वही खोटी ठरत नाही.

वहीत जे नाही

इथे सगळ्यात जास्त घसरायला होतं. वर्षभराच्या वहीत न्हावी, परीट, कुंभार, सुतार यांच्या नावे एक पैसा नाही, म्हणून घरात ही कामं बायका-पुरुषच करत असं लिहून मोकळे होतात. गावात बलुतं होतं. खळ्यावर धान्य मापून दिलं जायचं आणि ते कीर्दीत येतच नसे. दूध घरचं, सरपण रानातलं, भाजी परड्यातली, यांपैकी कशालाही वहीत ओळ नाही. उलट त्याच कुटुंबातला मुलगा मुंबईला गिरणीत किंवा कचेरीत लागला की त्याच्या खर्चात न्हाव्याचा आणा पहिल्या महिन्यापासून दिसतो. दोघांच्या वह्या शेजारी ठेवून मुंबईत राहणं महाग होतं असं म्हणायचं असेल तर आधी गावाकडच्या बलुत्याची किंमत अंदाजाने तरी धरावी लागेल.

जाहिरातींचंही तसंच. १९२५च्या अंकात स्टोव्ह, साबण, केशतेल आणि धातुपुष्टीच्या गोळ्या दिसतात. त्यावरून दुकानदार कोणाला काय विकू बघत होता ते कळतं. घरात स्टोव्ह पेटत होता का, हे वहीतल्या घासलेटच्या ओळीवरून ठरवा. कंदिलापुरतं घासलेट आणि स्टोव्हचं घासलेट यांत फरक इतका असतो की तो लपत नाही.

शेवटी ठेवणीचं. आधी वापरून-धुऊन मऊ झालेलं, कांजी नसलेलं सुती कापड घ्या आणि मूळ क्रमाने त्यात बांधा. पुण्याच्या पेशवे दप्तरात यालाच रुमाल म्हणतात आणि ती पद्धत आजही चांगली आहे, कापड श्वास घेतं. जमिनीपासून फूटभर वर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता. पावसाळा संपला की एकदा सोडून बघा. कात्रणं मात्र वेगळ्या पाकिटात, कारण त्यांचं आम्ल शेजारच्या पत्राला तपकिरी चौकोन पाडतं.

फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याआधी एक गोष्ट तपासा. कर्जरोखे, गहाणखतं, जातीचे उल्लेख, दत्तकाचे आणि घटस्फोटाचे कागद यांतल्या माणसांची नातवंडं त्याच गावात राहत असतात. त्यांना विचारा, नाहीतर नावं झाका. कागद संस्थेला द्यायचे ठरवलंत तर गठ्ठ्यासोबत तुमची क्रमवार यादी द्या आणि पोच घेताना तीवर कागदांची संख्या लिहून घ्या.